उजव्या हाताला थांब

वारा त्या दिवशी असा सुटला होता, की रस्त्यावरची निम्मी माणसं चालत नव्हतीच, नुसती ढकलली जात होती. त्यातलाच एक लांबसडक माणूस रफूवालीच्या दुकानावरून ढकलला जात असताना दाराच्या कडीनं त्याच्या कोटाचा खिसा धरला. माणूस पुढे गेला. खिसा मागे राहिला.

चर्रर्र—

आत बसलेल्या रफूवालीनं मान वर केली.

आता या कडीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती साधी कडी नव्हती. मांजराच्या नखासारखी वाकडी, दारापासून वीतभर बाहेर आलेली आणि स्वभावानं अतिशय आगाऊ. रफूवालीच्या पणजोबांनी ती स्वतःच्या हातानं ठोकली होती. म्हातारा भलता बेरकी, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे फाटावेत आणि त्यांनी मुकाट आत दुरुस्तीला यावं म्हणून त्यानं ही युक्ती केली, असं आजूबाजूचे दुकानदार वर्षानुवर्षं सांगत आले होते. या कडीनं एका न्यायाधीशाचा झगा भर रस्त्यात उसवला होता. लग्नाला निघालेल्या एका नवरदेवाला तिनं इतका वेळ धरून ठेवलं, की तेवढ्यात त्याचा विचार बदलला आणि तो घरी गेला. आणि एकदा तर म्हणे पोलिसांपुढे पळणारा चोर कमरेच्या पट्ट्यानं हिला लटकलेला सापडला. पणजोबांनी त्याला पोलिसांच्या हवाली केलं, पण आधी त्याची पँट शिवून दिली. उसवलेला माणूस दारातून जाऊ द्यायचा नाही, एवढं तत्त्व त्यांनी पाळलं.

घरातली गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती बाहेर कुणाला सांगत नसत.

पणजोबा अगदी कोवळ्या वयात थोरल्या भावाबरोबर बोटीनं या देशात आले. बंदरावर उतरले. थोरला म्हणाला, "तू थांब, मी खोली बघून येतो," आणि गेला तो गेलाच. पणजोबा थांबले. थांबता थांबता तिथेच, बंदराच्या फाटकातून बाहेर पडलं की डाव्या अंगाला, त्यांनी शिवणकामाचं दुकान टाकलं. थांबता थांबता लग्न केलं, मुलं झाली, केस पिकले. थांबणं काही सोडलं नाही. "दादा घाईचा माणूस," ते म्हणायचे, "दारावरून निघून जाईल आणि त्याला कळायचंही नाही. अडकला तर थांबेल." म्हणून ती कडी. आणि म्हणून घरातला तो नियम — कडी वाजली, की हातातलं काम सोडून मान वर करायची.

पणजोबांनी केली. आजोबांनी केली. बाबांनी तर शेवटच्या आजारपणात अंथरुणातूनही केली. थोरल्या पणजोबांचं पुढे काय झालं याबद्दल घरात प्रत्येकाचं आपापलं मत होतं. आजोबा सांगायचे, त्यांना देवमाशानं गिळलं आणि बाहेर पडताना त्यांनी उपकार म्हणून त्याचं पोट आतून शिवून दिलं. आत्या सांगायची, कुठल्याशा राणीनं त्यांना ठेवून घेतलं, कारण तिला मापात बसणारा झगा दुसऱ्या कुणाला जमेना. बाबा एवढंच म्हणायचे, "माणूस हरवला. बाकी सगळं अस्तर."

जाण्याआधी ते आणखी एक म्हणाले होते. "त्यांच्याकडचं कुणीतरी असेल गं कुठेतरी... नातू, पणतू. मिळालं तर बघ. तू अशी एकटी..." वाक्य तिथेच सुटलं, ते सुटलंच.

आता मान वर करणारी रफूवाली एकटीच उरली होती.

"तुमच्या दारानं माझा खिसा खाल्ला," लांबसडक माणूस दारात येऊन म्हणाला. हातात खिसा होता आणि चेहऱ्यावर तक्रारीपेक्षा कुतूहल जास्त.

"जुनी खोड आहे त्याची. आत या. खिशात काही होतं का?"

"हात होता. थोडक्यात वाचला."

रफूवालीला हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं, त्यामुळे ते पडून राहिलेल्या शिलाई मशीनसारखं कुरकुरतच आलं. तिनं ते खोकल्यात लपवलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. गावोगाव हिंडायचा, बंद पडलेल्या लिफ्ट चालू करायचा, आणि चालू झाल्या की निघून जायचा. "सगळं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं," तो म्हणाला, "पुढे म्हणून कधी सरकलंच नाही." जवळच्या एका उंच इमारतीतली लिफ्ट कधीची रुसली होती, तिची समजूत काढायला त्याला बोलावलं होतं.

"ती होय? बाहेर पडलात की उजव्या हाताला," रफूवालीनं हात करून दाखवलं. "कोट राहू दे इथेच. अस्तरही उसवलंय."

बऱ्याच वेळानं तो परत आला. केस ओले, नाक लाल, बुटांत वाळू.

"उजव्या हाताला समुद्र आहे," तो म्हणाला.

"मग... डाव्या हाताला असेल."

"तुमचा हात डावीकडेच दाखवत होता. तोंड उजवीकडे म्हणत होतं. मी तोंडावर विश्वास ठेवला."

"पुढच्या वेळी हातावर ठेवा," असं म्हणून ती कानापर्यंत लाल झाली. "आमच्या घरात उजवं-डावं कुणालाच धड कळत नाही. पणजोबांपासूनचं आहे ते."

"मग आता हातानंच सांगा. तोंड एकदम बंद."

तिनं ओठ घट्ट मिटून हात केला. तो वाकला आणि तिच्या बोटाच्या रेषेत बघत राहिला — रस्ता समजायला लागतो त्याहून थोडा जास्तच वेळ. मग गेला. बिनकोटाचा, वाऱ्यात खांदे आवळून, पण चक्क शीळ घालत.

दुकान बंद झालं की रफूवालीशी बोलायला एकच जण असायची — काकू. काकू म्हणजे कोट चढवून बघायचा लाकडी पुतळा. तिला डोकं नव्हतं, त्यामुळे ती कधी उलट बोलत नसे. कामाच्या टेबलाच्या अलीकडे रफूवालीची खुर्ची, पलीकडे समोर आणखी एक. त्या समोरच्या खुर्चीत बसून ती लहानपणी शिवण शिकली होती. बाबा गेल्यावर ती त्यांच्या जागी आली आणि समोरची तशीच राहिली. वर राहायच्या खोलीत कप मात्र एकच होता. दुसरा फुटला तेव्हा आणावासा वाटला नाही.

"बघितलंस का गं त्याला?" तिनं काकूला विचारलं. "वाकला की घडीच्या खुर्चीसारखा दिसतो."

काकूनं मत दिलं नाही. रफूवालीनं कोट टेबलावर पसरला, खिशापाशी अस्तर थोडं उसवलं — आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

आत घरची गाठ होती.

सगळे शिंपी शिवण संपली की गाठ मारतात आणि उरलेला दोरा कापून टाकतात. या घरात कापत नसत. दोऱ्याचं शेपूट मागे वळवून अस्तराच्या आत झोपवायचे. दादानं तसंच शिकवलंय, पणजोबा सांगायचे. परत फिरायला जागा राहते. रफूवालीनं आजवर डोंगराएवढे कोट उसवले होते, पण हे झोपवलेलं शेपूट तिला घरच्या शिलाईखेरीज कुठे म्हणजे कुठे दिसलं नव्हतं. आणि हा कोट घरचा नव्हता. घरच्या कोटाची कॉलर तिनं डोळे मिटून ओळखली असती.

तिनं दिवा जवळ ओढला. टाके डाव्या हाताचे होते, उलटीकडे झुकलेले.

आणि हात म्हणजे तर या घराण्याची ओळखच होती. बोटीवर थोरल्यानं धाकट्याला शिवण शिकवलं ते समोरासमोर बसून. थोरला उजवा. "सुई उजव्या हातात धर," असं म्हणून त्यानं आपला हात उचलला, आणि धाकट्यानं आरशात उचलावा तसा त्याच बाजूचा आपला हात उचलला — डावा. थोरल्याच्या लक्षात येईपर्यंत हात बसून गेला होता. तेव्हापासून धाकट्याच्या लेखी सुईचा हात तोच उजवा. पुढे घरात समोर बसूनच शिकवायची रीत पडली आणि पिढीगणिक हात पालटत गेला. पणजोबा डावरे, आजोबा उजवे, बाबा डावरे, ती उजवी.

मग हा कोट? घरची गाठ, डावा हात, घराबाहेरचा कोट. म्हणजे उजव्या हाताच्या थोरल्या पणजोबांनी समोर बसवून ज्याला शिकवलं, त्याचं हे काम. समोर बसवून कुणाला शिकवतात? आपल्या मुलाला. नाहीतर मुलीला.

"सापडले," ती काकूला म्हणाली. "इतक्या पिढ्या मान वर करत होतो आपण... सापडले गं."

आणि मग तिला आठवलं, कोट कुणाचा आहे ते. ते ओले केस. ती शीळ. ते बोटाच्या रेषेत जरा जास्त वेळ बघणं...

लांबचा का होईना, पण भाऊच की तो.

रफूवाली मटकन खुर्चीत बसली. अख्ख्या घराण्यानं जन्मभर ज्याची वाट बघितली ते दारात चालत आलं होतं, आणि तिला अगदी लहान मुलीसारखं वाटत होतं — नको, हा नको. दुसरा कुणीतरी मिळू दे.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "कोट कुणी शिवलाय?"

"आजीनं. आजोबांसाठी. आजोबा गेले, बाबांना तो आखूड झाला, मलाही आखूडच होतो, पण मी सांगत नाही कुणाला." त्यानं मनगटं पुढे करून दाखवली. "का? चांगला नाही शिवला?"

"उलट. फारच चांगला शिवलाय."

आजी. म्हणजे थोरल्या पणजोबांची मुलगी. सगळं टाक्याला टाका जुळत होतं. आता सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि तिच्या कानावर तिचंच वाक्य आलं — "अस्तर कुजलंय. वेळ लागेल."

"किती?"

"सांगता यायचं नाही. कुजण्यावर आहे."

"छान," तो म्हणाला. मग गडबडून, "म्हणजे... वाईट. पण घाई नाही."

मग त्याचे कपडे फाटायला लागले. एक दिवस बाही, एक दिवस कोपर, एक दिवस शर्टाची सगळी बटणं एकदम. रफूवाली बघायची आणि काही बोलायची नाही. झिजून फाटलेलं कापड आधी पातळ होतं, त्याच्या कडेला धाग्यांची पिसं निघतात. याच्या कडा वडीसारख्या सुबक.

"हे काय झालं?" एकदा न राहवून तिनं विचारलंच.

"लिफ्टच्या दारात अडकलं."

"लिफ्टच्या दारात कात्री असते?"

तो हळूच म्हणाला, "नव्या पद्धतीची आहे."

बाहेर बारीक पाऊस होता, काचेवरून रेघा ओढत खाली येणारा. ती बाही शिवायची आणि तो दाराच्या बाजूला, स्टुलावर, गुडघे जवळजवळ कानाशी घेऊन बसायचा. समोरच्या खुर्चीत तो बसला नाही. एकदा बसायला गेला तेव्हा ती "तिथे नको" असं इतक्या पटकन म्हणाली, की त्यानं कारण विचारलं नाही. स्टूल ओढून घेतलं, बस.

"लिफ्टचं कुठवर आलं?" ती विचारायची.

"अवघड केस आहे."

अवघड कसली! इमारतीतली माणसं जिने चढून चढून अर्धी झाली होती. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दोरीला बादली बांधून भाजी वर ओढत होते, आणि एकदा त्या बादलीतून शेजारणीचं मांजर गच्चीपर्यंत सहल करून आलं. पण लिफ्ट काही चालू होईना. कारण ती चालू झाली की लिफ्टवाल्याला निघावं लागणार होतं. तसं कोटाचं अस्तरही कधीच शिवून झालं होतं. रफूवाली रोज संध्याकाळी ते थोडं उसवायची आणि सकाळी परत शिवायची. दोघंही आपापल्या कामात इतके हुशार, की दोघांचंही काम पूर्ण होत नव्हतं.

पण रोज तो गेला, की ती दाराशी उभी राहून "भाऊ" असं म्हणून बघायची. शब्द साधा. जिभेवर आला की सुतासारखा गुंतायचा. खोटं तर ती बोलतच होती. आणि हे खोटं तिचं एकटीचं नव्हतं. त्या दाराशी उभं राहून म्हातारे झालेल्या सगळ्यांशी ते खोटं होतं.

शेवटी इमारतीतल्या माणसांनी लिफ्टवाल्याच्या मालकाला फोन केला, आणि लिफ्ट त्याच दुपारी चालू झाली.

"उद्या निघायचंय," तो म्हणाला. आज त्याचं काहीच फाटलेलं नव्हतं. "पुढचं काम लांब आहे. निघायच्या आधी मला एक बोलायचं होतं... म्हणजे तुम्हाला कदाचित..."

"थांबा," रफूवाली म्हणाली. "आधी मी." तिनं कोट त्याच्यापुढे ठेवला, अस्तर उलगडलं, गाठ दाखवली, झोपवलेलं शेपूट दाखवलं, आणि बोटीपासून कडीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना एकदाही वर बघितलं नाही. "म्हणून," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही माझे भाऊ लागता. लांबचे. पण लागता."



"मला हे चालणार नाही," लिफ्टवाला म्हणाला.

"चालण्या-न चालण्याचा प्रश्न नाही. हात सांगतोय."

"हातावर विश्वास ठेवा म्हणालात म्हणून काय इतका?" तो उठला, बसला, परत उठला. "भाऊ! मी काय बोलणार होतो माहितेय? आता ते बोलायचीसुद्धा चोरी... आजीचे वडील कोण ते मला माहीत नाही. मी त्यांना फोटोतही बघितलेलं नाही. विचारू आजीला."

"फोन करा."

"आजी फोनवर एकच वाक्य बोलते, 'जेवलास का?' आणि उत्तर न ऐकता ठेवून देते. जावं लागेल. सकाळची बस आहे."

बसमध्ये ते बहीण-भावासारखे बसले, म्हणजे मधे पिशवी ठेवून. पिशवीत कोट होता. तो खिडकीतून उजवीकडे बघत होता, ती डावीकडे, आणि वळणावर पिशवी कलंडली की दोघांचे हात तिला सावरायला एकदम जायचे आणि एकदम मागे यायचे. रफूवालीला कळेना आपण काय मागावं. हा परका निघाला तर घराण्याची वाट तिच्यापाशी परत रिकामी. आपला निघाला तर... तर तिला एक भाऊ मिळणार, आणि बाकी काही नाही.

आजी खिडकीशी बसली होती, सुरकुतलेली, टवटवीत. "जेवलास का?" तिनं नातवाला विचारलं, आणि रफूवालीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही कोण? लिफ्टमध्ये अडकलेली का?"

"कोट हिनं दुरुस्त केलाय, आजी."

रफूवालीनं काही सांगितलं नाही. कोट, त्याचं एक सुटं बटण, सुई आणि दोरा आजीच्या मांडीवर ठेवला. आजीनं चष्मा चढवला, सुई डाव्या हातात घेतली आणि बघता बघता बटण लावलं. गाठ मारली. दोरा कापला नाही. शेपूट वळवून आत झोपवलं.

रफूवाली पुढे वाकली. "कुणी शिकवलं तुम्हाला हे? वडिलांनी?"

"वडिलांनी?" आजी इतकी हसली की कोट मांडीवरून घसरणार होता. "माझे वडील बेकरीत भट्टीवर होते, बाई. सुई बघितली की त्यांना घाम फुटायचा. शिंपीबाबांनी शिकवलं. आमच्या मागच्या खोलीत भाडेकरू होते, म्हातारे, एकटे. आमचे कुणी नव्हेत. कुणाचेच कुणी नव्हते ते. लग्न नाही, काही नाही. टेबलासमोर एक रिकामी खुर्ची ठेवायचे आणि तिच्यात कुणी बसलेलं त्यांना खपायचं नाही. मी तेव्हा एवढीशी, मला काय माहीत! गेले आणि बसले. वाटलं, आता हाकलतील. तर माझ्याकडे बघतच राहिले... आणि हातात सुई दिली."

लिफ्टवाल्यानं मोठ्यानं श्वास सोडला. रफूवाली मात्र तशीच उभी होती.

"त्यांना भाऊ होता का?" तिनं विचारलं.

"होता तर! त्याच्याशिवाय दुसरं बोलायचेच नाहीत. या देशात उतरले त्या दिवशी धाकट्याला सांगून गेले, 'फाटकाबाहेर पडलास की उजव्या हाताला थांब.' खोली बघितली, परत आले, तर उजव्या हाताला कुणी नाही. किती दिवस तिथेच बसून राहिले. मग कुणीतरी सांगितलं, गाठोडंवालं एक पोरगं कामाच्या गाडीत बसून आतल्या गावांकडे गेलं. झालं, निघाले त्याच्यामागे. गावामागून गाव. उतारवयात इथे येऊन थांबले. एकदा राहवेना म्हणून परत बंदरावर जाऊन आले होते. उजव्या हाताचा सगळा रस्ता पालथा घातला, दारन्‌दार वाजवलं."

"आणि डावीकडे?" रफूवालीचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. "डावीकडे बघितलं नाही त्यांनी?"

"डावीकडे कशाला बघतील? त्यांनी उजवीकडे सांगितलं होतं."

रफूवालीनं आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. उजवा, डावा. बोटीवर समोरासमोर बसलेली ती दोन पोरं तिला दिसली. एकानं उचललेला हात, दुसऱ्यानं उचललेला हात. धाकटा सांगितल्या शब्दाला जागून थांबला होता — आपल्या उजव्या हाताला. आणि थोरला आपल्या उजव्या हाताला. एका फाटकाच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ करून. मग एकानं कडी ठोकली, एकानं खुर्ची मांडली... आणि दोघंही वाट बघत म्हातारे झाले.

ती रडायला लागली, आणि रडत रडतच तिनं आजीला धाकट्याचं दुकान, कडी, कोटातली गाठ, सगळं सांगितलं. आजीनं नातवाकडे बघितलं. तो प्रयत्न करूनही चेहरा गंभीर ठेवू शकत नव्हता.

"हे बघा," आजी म्हणाली, "नातं लागत नाही म्हणून ही रडतेय आणि नातं लागत नाही म्हणून हा हसतोय. दोघांपैकी एकाचं डोकं ठिकाणावर नाही. कोण ते ठरवा आणि मला फोन करा."

बसथांब्यावर वारा होता, पाऊस थांबला होता. पत्र्याच्या कडेवरून उरलेलं पाणी टिपटिप गळत होतं. इथून त्याची बस एका दिशेला जाणार होती, तिची दुसऱ्या. आता मधे पिशवी नव्हती. कोट त्यानं अंगात घातला होता, मनगटं उघडी टाकणारा.

"इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "मी कुणाचा भाऊ नाही."

"माझं कुणीच नाही राहिलं," ती म्हणाली. "इतके दिवस निदान वाट होती."

त्याचं हसू विझलं. 

"मला समजूत काढता येत नाही," तो म्हणाला. "फक्त लिफ्टची येते. पण... तुमच्या त्या समोरच्या खुर्चीत कुणी बसत नाही ना?"

"नाही."

"मला शिवण शिकायचंय."

"तुम्हाला कापता येतं फक्त. सगळा शर्ट कात्रीनं..."

"म्हणजे माहीत होतं?"

"पहिल्या बाहीपासून."

"आणि माझं अस्तर रोज उसवत होतीस, ते मला माहीत नव्हतं वाटतं? कोटात लिफ्टची चावी विसरलो होतो, तुझं लक्ष नसताना चाचपायचो, तर ती रोज वेगळ्या खिशात सापडायची."

ती ओल्या डोळ्यांनी हसली. हसू आता कुरकुरलं नाही. तेल पडल्यासारखं सहज आलं. वळणावर तिची बस दिसायला लागली.

"ऐक," तो घाईनं म्हणाला, "पुढचं काम संपलं की मी येतो. थांब म्हणालीस तर आत्ताही थांबतो. पण कुठे थांबायचं ते तोंडानं सांगू नकोस. हातानं दाखव."

रफूवालीनं आपले हात पुन्हा एकदा बघितले. कुठला उजवा नि कुठला डावा याचा तिला आत्ताही नीट भरवसा नव्हता. मग तिनं दाखवण्याच्या भानगडीत न पडता त्याचा हात धरला आणि त्याला आपल्या बसमध्ये ओढून घेतलं.

आता संध्याकाळी दुकानात दिवा लागतो तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, आणि वरच्या खोलीत दोन कप. लिफ्टवाला सुई हातात धरून घामाघूम होतो. "उजव्या हातात," ती म्हणते आणि तो आज्ञाधारकपणे डाव्या हातात धरतो. काकू कोपऱ्यात उभी राहून बघते. तिचं मत अजून कळलेलं नाही. आजीचा फोन येतो, "जेवलात का?" एवढाच, पण आता अनेकवचनी.

कडी काढून टाकावी असं एकदा रफूवालीच्या मनात आलं होतं. आता कुणाची वाट बघायची आहे? पण तिनं काढली नाही. जागच्या जागी, वाकडी, आगाऊ, ती अजून आहे. परवा वारा सुटला तेव्हा जोरात वाजली. रफूवालीची मान सवयीनं वर झाली.

पण नजर दारापर्यंत पोचली नाही. मधे, समोरच्या खुर्चीत, तो बसला होता.